बाबा झालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्या मनचे नाहीत. बाप झालेली आणि होऊ घातलेली माणसं ते पाठवत राहतात. बरेचसे रात्री दोन ते चारच्या दरम्यान येतात, एका हाताने टाइप केलेले, कारण दुसऱ्या हातावर बाळ असतं. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केलेत, आणि उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय. मी डॉक्टर नाही. दोन मुलांचा बाप आहे: मुलगी ११ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा.

१. बाळाला उचलायलाच भीती वाटते. हातातून निसटलं तर?

आधी बसा, आणि कुणाला तरी बाळ मांडीवर द्यायला सांगा. उभ्याने सराव दोन दिवसांनी. बाळ साधारण चौथ्या महिन्यात मान धरतं. तोवर एक हात डोकं आणि मान यांच्याखाली, दुसरा ढुंगणाखाली. डोक्यावरची मऊ टाळू धडधडताना दिसली तर दचकू नका, ती तशीच दिसते. पुढची टाळू बहुतेक मुलांची दीड वर्षाच्या आसपास भरून येते. ती खूप खोल गेलेली किंवा शांत बाळाची फुगलेली दिसली तर मात्र डॉक्टरांना दाखवायची.

बाळ खरोखर निसटतं ते अंघोळीनंतर, ओलं असताना. टॉवेल आधीच खांद्यावर टाकून ठेवा. आणि बाळाला पलंगावर ठेवून 'एका सेकंदात आलो' म्हणत डायपर आणायला जाऊ नका. ज्याला अजून कुशीवर वळता येत नाही ते बाळही पाय मारत मारत कडेपर्यंत सरकतं.

२. दूध तर आईच पाजणार. मग पहिल्या काही महिन्यांत बापाला काम काय उरतं?

उरलेलं सगळं. नवजात बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा पितं. दर वेळी त्याला उचलून आणायचं, नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, पुन्हा झोपवायचं. प्रत्यक्ष पिणं सोडलं तर यातल्या कशालाच आई लागत नाही.

शिवाय हिशेब ठेवणं हे बापाचं उत्तम काम. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला ६ किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर दूध पोटात जातंय. हे तुम्हाला पाठ असलं की भेटायला आलेल्यांपैकी कुणी 'दूध पुरत नाही वाटतं' असं बाळंतिणीच्या तोंडावर म्हणालं तर उत्तर तुम्ही द्यायचं, तिने नाही. पहिले ६ महिने फक्त दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्ष होईपर्यंत चाटवायचाही नाही. त्यातून लहान बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि 'मी बायकोला मदत करतो' हे वाक्य सोडून द्या. शेजाऱ्याचं कपाट उचलू लागलात तर ती मदत.

३. बाळाला पाहताच प्रेमाचं भरतं येतं म्हणतात. मला तसं काहीच वाटलं नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

१९८० मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं, की जन्मून दोन-तीन दिवस झालेली बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. पोटात असताना तो आवाज त्यांनी ऐकलेला असतो. १९८४ मध्ये तसाच प्रयोग वडिलांच्या आवाजावर झाला. बाळांना दोन पुरुषांचे आवाज वेगवेगळे कळत होते, पण वडिलांच्या आवाजाची त्यांना विशेष ओढ दिसली नाही. थोडक्यात, तुम्ही बाळाला नवखे आणि बाळ तुम्हाला. ओळख दोन्हीकडून पहिल्यापासून करायची आहे.

ती करताना शरीरही बदलतं. फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या तरुणांचा बरीच वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बाप झाल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) घटलं होतं. रोज ३ तास किंवा जास्त वेळ मुलांचं करणाऱ्या बापांमध्ये ते, मुलांचं काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा, कमी होतं. (घाबरून जाऊ नका, यात बिघडलेलं काही नाही.)

मला स्वतःला मुलीच्या वेळी पहिला दीड महिना नुसती धास्ती वाटत होती. सातव्या आठवड्यात एका दुपारी लंगोटाची पट्टी चिकटत नव्हती, मी तोंडातल्या तोंडात चरफडत होतो, आणि ती माझ्याकडे पाहून हसली. झोपेतलं ओझरतं हसू नव्हतं ते, माझं तोंड पाहून आलेलं होतं. बाळं असं हसायला लागतात ती साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात. पट्टी तशीच राहिली, पुढचं सगळं ओलं झालं. महिने उलटूनही आत काहीच हलत नसेल तर प्रश्न ९ वाचा.

४. शीचा रंग बघून हादरलो. काळी-हिरवी असते का?

पहिले दोन-तीन दिवस काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट, मग पिवळी होत जाते. पांढुरकी किंवा मातकट राखाडी शी, शीत रक्त, किंवा एकदा पिवळी झाल्यावर पुन्हा काळी आली, तर डॉक्टर. मुलीला पुसताना पुढून मागे. मुलग्याचा लंगोट उघडताच वर फडकं टाका, का ते एकदा कळेलच. नवा डायपर जुन्याच्या खाली आधी सरकवून मगच जुना काढायचा.

५. बाळ तासन् तास रडतं आणि माझा ताबा सुटेल अशी भीती वाटते.

ताबा सुटतोय असं वाटलं की बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडल्याने बाळाला इजा होत नाही. गदागदा हलवल्याने होते: काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. बाळावर जीव टाकणाऱ्या माणसांच्या हातूनही हे घडतं, म्हणून उत्तराची सुरुवात इथून केली.

आता रडण्याविषयी. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. १९५४ मध्ये वेसल नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला मोजपट्टी लावली: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, ३ आठवड्यांहून जास्त काळ रडणारं, एरवी धडधाकट बाळ म्हणजे कॉलिक. यात कुणाचाही दोष नसतो.

भूक, लंगोट, ढेकर, उकाडा, थंडी हे सगळे बघतात. तेवढ्यावर थांबू नका. झबल्याच्या आतली शिवण टोचतेय का बघा. मोजे काढून पायाची बोटं एकेक करून तपासा. आईचा गळलेला केस बोटाभोवती करकचून बसलेला असतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध सोडणं, कण्हल्यासारखं वेगळंच रडणं: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

६. रात्री दोघांनीही जागायचं का?

दोघंही दर वेळी उठलात तर सकाळी घरात दोन निकामी माणसं असतील. पाळ्या लावा. नऊ ते दोन एकाची, दोन ते सात दुसऱ्याची. अंगावर पिणारं बाळ असेल तर तुमच्या पाळीत त्याला आईजवळ नेणं, आणणं, झोपवणं तुमच्याकडे. नवजात बाळ २४ तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत, त्यामुळे सलग चार तास झोप ही तुम्ही एकमेकांना देऊ शकाल अशी सगळ्यात मोठी भेट.

एक धोका खास बापांचा. बाळ छातीवर शांत झालं की सोफ्यावर रेलायचं आणि तसाच डोळा लागायचा. हे टाळाच, सोफ्याच्या फटीत बाळाचं नाक दाबलं जातं. बाळाला कायम उताणं झोपवायचं, घट्ट सपाट गादीवर, उशी आणि मऊ खेळणी न ठेवता. १९९० च्या दशकात अनेक देशांनी याची मोहीम चालवली. अमेरिकेत झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू दशकभरात जवळजवळ निम्म्यावर आले.

७. बायको घरी नसताना मी एकटा दिवसभर बाळ सांभाळू शकेन का?

शकाल, आणि ते लवकरात लवकर करा. या पानावरचा एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या. आई शेजारच्या खोलीत असेल तर बाप शिकत नाही, कारण तिसऱ्या मिनिटाला बाळ तिकडे पोचतं करायची सोय असते. आईलाही उपजत काही येत नव्हतं. तिला पर्याय नव्हता म्हणून ती शिकली.

माझा पहिला एकट्याचा दिवस मुलगी पाच महिन्यांची असताना आला. बायको सकाळी आठला गेली ती संध्याकाळी पाचपर्यंत. फ्रिजवर सूचनांचा कागद होता. अकरापर्यंत त्या कागदावरच दूध सांडलं. दुपारी ती झोपेना. गाणी झाली, फेऱ्या झाल्या, खुळखुळे झाले. शेवटी हाताला लागलं म्हणून वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक उचललं आणि एका सुरात वाचायला लागलो: 'यंत्र सपाट पृष्ठभागावर ठेवावे. पाण्याची नळी घट्ट बसल्याची खात्री करावी.' 'बिघाड व उपाय' येईपर्यंत तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं होतं. लाळेने शर्ट भिजलेला, हात बधिर, आणि मी हलायच्या भीतीने पाऊण तास उभा.

ही युक्ती बायकोला माहीत नव्हती, आणि तिने केली तर चालतही नव्हती.

८. मी काहीही केलं तरी बायको चुका काढते. मग मी करूच कशाला?

लंगोट वाकडा असेल तर वाकडा असू दे, बाळाला काही होत नाही. हे तिला सांगायला हरकत नाही, भांडणाच्या वेळी सोडून. सुरक्षिततेच्या गोष्टी (झोपवणं, पाणी, औषधाचं माप) दोघांनी एकाच पद्धतीने करायच्या. बाकी ज्याच्या हातात बाळ त्याची पद्धत.

पण मला येणाऱ्या पत्रांमध्ये याची दुसरी बाजू क्वचितच असते. 'मला सांगायचं ना, मी केलं असतं' म्हणणारा बाप काम करतो खरं, पण ते लक्षात ठेवायचं काम तिच्यावर ठेवतो. तेव्हा कामं वाटून घेताना मुळापासून घ्या. लसीकरण तुमच्याकडे म्हणजे तारीख तुम्हाला माहीत, फाइल कुठे आहे ते तुम्हाला माहीत, त्या रात्री ताप आला तर थर्मामीटर घेऊन जागे तुम्ही. फक्त गाडी चालवून दवाखान्यात सोडलं, तर लसीकरण तिच्याकडेच राहिलं.

९. मूल झाल्यापासून मीच उदास आहे. बापालाही असं होतं?

होतं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये काढलेला आकडा सांगतो, की बाळाच्या आगेमागे साधारण १० पैकी १ बापाला नैराश्य येतं, आणि बाळ ३ ते ६ महिन्यांचं असताना प्रमाण सर्वांत जास्त असतं. पुरुषांमध्ये ते रडू येण्याऐवजी चिडचिड, उगाच कामावर रेंगाळणं, दारू वाढणं, घरी असून नसल्यासारखं वागणं अशा रूपात दिसतं, त्यामुळे घरचे त्याला स्वभाव समजतात. आईला नैराश्य असेल तर बापालाही असण्याची शक्यता वाढते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांकडे जा आणि 'थकवा आहे' असं न सांगता हेच शब्द वापरा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, आजच.

१०. मुलगी मला बघून रडते. 'बाबा नको, आई!' मी काय करू?

मनाला लावून घेऊ नका, आणि लागलंच तर तोंडावर दाखवू नका. साधारण आठव्या महिन्यापासून मुलांना आई दिसेनाशी झाली की धास्ती वाटते, दीड वर्षापर्यंत हे चढ-उतार चालतात. पुढे दोन-तीन वर्षांचं मूल मुद्दाम निवड करून बघतं, कारण निवडता येतं हे त्याला नुकतंच कळलेलं असतं. रोजचं एक काम पूर्ण तुमचं करा. अंघोळ सगळ्यात बरी. पाण्याला कोपर लावून बघा, ते कोमट वाटलं पाहिजे. त्या वेळात आई खोलीबाहेर, आणि रडलं तरी आत यायचं नाही. बहुधा आठवडा-दोन आठवडे लागतात. मग एक दिवस आईला 'तू नको' ऐकायला मिळतं, तेव्हा तिच्यासमोर फार खूश होऊ नका.

११. मुलांशी दंगामस्ती करताना बायकोचा जीव वर-खाली होतो. किती दंगा चालतो?

कुस्ती, घोडा, गादीवर लोळवणं, पकडापकडी: भरपूर चालतो. मुलं त्यातून स्वतःचा जोर आवरायला शिकतात. तीन गोष्टी मात्र पाळा.

लहान बाळाला हवेत उडवून झेलायचं नाही. मान कच्ची असते.

मुलाला मनगट किंवा पंजे धरून उचलायचं, झुलवायचं नाही. साधारण १ ते ४ वर्षांत कोपरातलं बंधन सैल असतं. हिसका बसला की तिथलं हाड त्यातून सरकतं. माझ्या हातून हे झालंय. मुलगा अडीच वर्षांचा होता, पायरी चढताना मी त्याचा हात वर ओढला. सूज नाही, वळ नाही, पण हात लुळा धरून बसला आणि आवडतं खेळणं दिलं तर दुसऱ्या हाताने घेतलं. डॉक्टरांनी एका झटक्यात बसवलं आणि पाच मिनिटांत तो त्याच हाताने माझा चष्मा ओढत होता. तुम्ही स्वतः ओढून बघू नका. उचलायचं ते काखेत हात घालून.

आणि मूल 'थांब' म्हणालं की हसत असलं तरी थांबायचं. गुदगुल्या करणाऱ्या काका-मामांना हा नियम कळत नाही, तुम्ही तरी पाळा.

१२. मी घरी पोचतो तेव्हा मूल झोपलेलं असतं. वेळच मिळत नाही.

मग सकाळ धरा. उठवणं, दात घासणं, बूट चढवणं हा रोजचा अर्धा तास तुमचा झाला तर रविवारच्या मोठ्या सहलीपेक्षा तो मुलाच्या जास्त लक्षात राहतो. आठवडाभराची भरपाई म्हणून खेळणी आणत बसू नका. मुलं दारात आधी पिशवी बघायला शिकतात. घरात शिरताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, पहिली वीस मिनिटं तरी.

१३. मोबाइल कितव्या वर्षी?

जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस: २ वर्षांच्या आत स्क्रीन नको, २ ते ४ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, कमी असेल तर उत्तम. आजारपणात, प्रवासात हे मोडतं. मोडू दे. तुमच्या स्वतःच्या फोनबद्दल प्रश्न १२ मध्ये लिहिलंय.

१४. चारचौघांत मूल जमिनीवर लोळून भोकाड पसरतं. लाज वाटते.

दीड ते तीन वर्षांच्या मुलाकडे इच्छा पन्नास असतात आणि शब्द अपुरे. स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे त्या क्षणी समजूत घालणं फुकट. खाली बसा, हळू बोला, एकच वाक्य: 'तुला ते हवं होतं, आपण ते घेणार नाही.' मारायला, डोकं आपटायला लागलं तर उचलून शांत जागी न्या. हट्ट धरलेली वस्तू रडण्यानंतर देऊ नका. द्यायची असेल तर पहिल्यांदा मागितली तेव्हाच द्या.

बघणाऱ्यांचं म्हणाल, तर रडणारं मूल कडेवर घेतलेल्या बापाचं लोक कौतुक करतात. आईला नुसता सल्ला मिळतो. तेव्हा आपली लाज त्या मानाने स्वस्तात पडते.

१५. रागाच्या भरात मी मुलाला मारलं. आता काय?

आज झोपायच्या आधी माफी मागा. 'मी तुला मारलं. ते चुकलं.' यापुढे 'पण तू सुद्धा' जोडलंत की माफी गेली. यामुळे धाक जाईल ही भीती खोटी आहे. आम्हीही मार खाऊनच मोठे झालो, हे वाक्य मला बरेच जण लिहून पाठवतात. त्याच पत्रात खाली वडिलांशी आजही मोकळं बोलता येत नाही असंही असतं. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना घरातही मारायला कायद्याने बंदी केली, तो पहिला देश. आज असा कायदा साठाहून जास्त देशांत आहे.

हात वारंवार उठत असेल, तर बहुतेक वेळा मूळ मुलात नसतं. झोप मोजा (प्रश्न ६), मन तपासा (प्रश्न ९).

१६. सगळे त्रासच सांगता. मजा कुठे आहे यात?

विचारलंत ते बरं. चार वर्षांच्या मुलाला 'काल' आणि 'उद्या' यांतला फरक कळत नाही. आमचे चिरंजीव परवा गंभीरपणे म्हणाले, "बाबा, मी काल मोठा झालो ना, की तुला कडेवर घेणार." हे दुरुस्त करायचं माझ्या जिवावर आलं.

मुलांनी बिघडवलेले शब्द घरात राहतात. मुलगी लहानपणी पंख्याला 'गरगरा' म्हणायची; ती ते विसरली, आम्ही दोघं अजून गरगरा बंद करतो. शाळेतून बाहेर पडणाऱ्या शंभर मुलांत आपलं मूल आपल्याला शोधत असतं, आणि आपण त्याला दिसायच्या आधीची ती दोन सेकंदं. रात्री गाडीतून उचलून आत नेताना झोपल्याचं सोंग घेतलेल्या मुलाचे बंद डोळे थरथरतात. आपल्याला कळतं, त्याला माहीत असतं की कळतंय, आणि तरी आपण उचलून नेतो.

१७. मुलगी मोठी होतेय. पाळीबद्दल बापाने बोलायचं का?

बोलायचं, आणि आधी बोलायचं. पाळी बहुतेक मुलींना १० ते १५ वर्षांदरम्यान येते, सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास. आई त्या दिवशी घरी असेलच असं नाही. भाषण नको. पॅड कुठे ठेवलेत, डाग पडला तर काय करायचं, पोट दुखलं तर सांगायचं, एवढं सहज बोला. माझं बोलून झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मला माहितीये सगळं. तू इतका घाम का पुसतोयस?" मुलग्यालाही हे सांगा. वयात येण्याबद्दल त्याच्याशी बोलायचं आपण विसरतो, तो कुठून तरी अर्धवट शिकतो.

१८. पंधरा वर्षांचा मुलगा बोलतच नाही. 'बरं', 'हं', 'काही नाही'.

समोरासमोर बसवून विचारू नका, ती चौकशी होते. शेजारी असताना बोला: गाडीत, भांडी घासताना, सायकलची साखळी बसवताना. नजर दुसरीकडे असली की मुलगे बोलतात. त्याला ज्यातलं कळतं आणि तुम्हाला कळत नाही अशी एखादी गोष्ट खरोखर शिकून घ्या. सकाळी उठत नाही म्हणून आळशी ठरवू नका. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं आणि झोप मात्र ८ ते १० तास लागते.

मित्र तुटले, खाणं-झोप बिघडली, आठवडेच्या आठवडे खोलीतून बाहेर नाही, मरणाची भाषा आली, तर सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

१९. आमचं बाळ मुदतीआधी झालं आणि पेटीत आहे. मी काचेबाहेर नुसता उभा राहतो.

नर्सना 'कांगारू केअर मी करू का?' असं विचारा. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून कमी दिवसांच्या बाळांना उघड्या छातीशी उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. आज ही पद्धत जगभर आहे. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांसाठी ती जन्मानंतर लगेच, दिवसाला ८ ते २४ तास करायला सांगते. छाती बापाचीही चालते. पुढून उघडणारा सैल शर्ट घाला, हात कोपरापर्यंत धुवा. आधी नळ्या-तारांची धास्ती वाटेल, त्या सांभाळणं नर्स बघतात. बाळ किती दिवसांत काय करेल याचा हिशेब करताना जन्मतारखेऐवजी मूळ दिलेली तारीख धरा.

२०. आम्ही वेगळे झालोय. मूल महिन्यातून दोनदा भेटतं.

ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ चुकवू नका. उशीर झालेल्या बापाची वाट बघत मूल खिडकीत उभं असतं. तुमच्या घरी त्याचा टूथब्रश, त्याची चप्पल, त्याचा खण असू द्या. दर भेटीची जत्रा करू नका. गृहपाठ घ्या, कपडे घड्या करा, कंटाळा येऊ द्या. आईबद्दल त्याच्याकडून माहिती काढायची नाही, तिच्यासाठी निरोपही त्याच्या हाती द्यायचा नाही. मधल्या दिवसांत रोज एकाच वेळी पाच मिनिटांचा फोन. 'काय केलंस?' असं विचारलं की 'काही नाही' येतं (प्रश्न १८). 'डब्यातलं काय उरलं?' विचारलं की गोष्ट सुरू होते.

२१. बायकोच्या आधीच्या लग्नाची मुलगी म्हणते, 'तुम्ही माझे खरे बाबा नाही.' काय उत्तर देऊ?

"बरोबर आहे. दात घास." एवढंच, आणि आवाज न चढवता. तिच्या वडिलांची जागा घ्यायला जाऊ नका, ते हयात असोत वा नसोत. सुरुवातीची वर्षं शिस्तीचं काम आईकडे ठेवा, तुम्ही ने-आण, अभ्यास, पंक्चर या बाजूने शिरा. 'बाबा' म्हणावं असा हट्ट नको. नावाने हाक मारली तरी चालेल.

दत्तक मुलाच्या बापांनाही हे वाक्य कधीतरी ऐकावं लागतं. तिथे एक गोष्ट जास्तीची: ते दत्तक आहे हे त्याला इतक्या लहानपणापासून सांगत राहा, की 'मला कधी कळलं' हे आठवूच नये.

२२. तुम्ही सांगितलं तसं केलं, पण चाललं नाही.

चालत नाही बऱ्याचदा. तब्येतीच्या आणि सुरक्षिततेच्या गोष्टी सोडून बाकी सगळं तुमच्या मुलावर जोखून बघा, आठवडाभर एकच, रोज नवं नाही. वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकावर आमचा धाकटा एकदाही झोपला नाही. त्याच्या पाठीवर बोटाने आकडे गिरवावे लागतात, एकपासून. साठाच्या पुढे मी अजून गेलेलो नाही.